बिल्टीवर संत्री

डोळे मिटा आणि समजा, तुम्ही वाडीच्या एका गोदामात उभे आहात. समोरच्या ट्रकमध्ये कापसाच्या गाठी चढताहेत. त्या चढल्या की मोनालीचे बाबा, अंकुश, हा ट्रक घेऊन आठ दिवसांसाठी निघणार आहेत.

मोनालीच्या धाकट्या भावानं काल पहिल्यांदा ‘बाबा’ म्हटलं, तेव्हा बाबा घरी नव्हते. मोनालीनं तो आवाज आईच्या फोनवर रेकॉर्ड केला आणि पेनड्राइव्हमध्ये घातला. पण ट्रकमधला जुना टेप काही तो वाजवीना.

तिनं गोदामाच्या ऑफिसातले कारकून देवरावआजोबा यांना गाठलं. “आजोबा, टेप फक्त एमपीथ्रीच वाजवते. म्हणून मी फाइलच्या नावाले शेवटी एमपीथ्री लावलं. तरी वाजून नाही राहिली.”

देवराव बिल्टी, म्हणजे ट्रकमधल्या मालाचा कागद, लिहीत होते. “या बिल्टीवर मी ‘संत्री’ लिहलं, तर त्या गाठी सोलून खाशील का वं?”

मोनाली हसली. “आत कापूसच राहीन ना.”

“तसंच हे. फोननं आवाज त्याच्या पद्धतीनं दाबून भरला. टेपले ते गाठोडं सोडता येत नाही. नाव बदलून काय होते? मालच पुन्हा बांधा लागते.”

त्यांनी तिला फाइल संगणकावर घेऊन खरीखुरी एमपीथ्री प्रत बनवायला आणि ती पेनड्राइव्हमध्ये घालायला शिकवलं.

शेवटची गाठ चढली, तेव्हा टेपमधून बारीक आवाज आला, “बाबा.” अंकुशनं तो तीनदा लावला.

ट्रक अमरावती रोडला लागल्यावर मोनाली ऑफिसात परतली आणि तिनं संगणकावर राहिलेल्या मूळ फाइलच्या नावाला लावलेलं एमपीथ्री काढून त्या फाइलला आधीचं खरं नाव परत दिलं.