लाँड्रीच्या रांगेत पंतप्रधान

लेक पंतप्रधान झाली म्हणून काय आईची गल्ली बंद करायची? सकाळपासून म्हातारी हेच म्हणत होती, आणि हळू म्हणत नव्हती. हळू बोलणं तिला जन्मात जमलं नव्हतं. गल्लीच्या दोन्ही तोंडांना लोखंडी अडथळे, त्यांच्यामागे काळे चष्मे लावलेली माणसं, आणि इकडे लाँड्रीच्या फळ्यांवर इस्त्री केलेले गठ्ठे गिऱ्हाइकांची वाट बघत पडलेले.

"मागच्या खेपेलाही हेच केलं हिनं," ती थोरल्याला म्हणाली. "आईला भेटायला येते की मुलूख जिंकायला?"

थोरला इस्त्रीच्या टेबलावर वाकला होता. बहिणीची बाजू घ्यायची त्याची जुनी खोड. "अगं, ती कुठे करते? तिची माणसं करतात."

"आणि माणसं कुणाची?"

थोरल्याने बाहीवर पाणी शिंपडलं आणि इस्त्री फिरवायला घेतली.

म्हातारीला अक्षरओळख जेमतेम, सही करण्यापुरती. पण नवऱ्यामागे हे दुकान तिने एका नियमावर उभं ठेवलं होतं: ज्याने इस्त्री केली, त्यानेच गिऱ्हाइकासमोर गठ्ठा सोडायचा. कॉलर करपली असेल, डाग राहिला असेल, तर गिऱ्हाईक काय बोलायचं ते बोलेल, आणि ते त्यानेच तिथे उभं राहून ऐकायचं. धुणाऱ्याने नीट धुतलं नाही, वीज गेली होती, असली रडगाणी चालायची नाहीत. धाकटी तर स्टुलावर चढून गठ्ठे सोडायची आणि बोलणी खाताना हनुवटी जराही खाली जाऊ द्यायची नाही. काम उत्तम झालं की म्हातारी "बरं आहे" म्हणायची. "चांगलं" हा शब्द तिच्या तोंडून कुणीच ऐकला नव्हता. नवरा तर बिचारा न ऐकताच गेला.

आता ती स्टुलावरची पोर देश चालवत होती. निवडणुकीला पुन्हा उभं राहायचं की थांबायचं, हे तिला उद्या जाहीर करायचं होतं. काल तिचा फोन आला होता. "आई, मला काम जमतंय का, ते तू सांग. इथे सगळे माझ्या तोंडावर गोड बोलतात. तू नाही म्हणालीस तर मी उभी राहणार नाही."

"ये, बघू," म्हणून म्हातारीने फोन ठेवला. आईच्या एका शब्दावर अख्ख्या देशाचं काम टांगलेलं! टीव्हीवाले हाच प्रश्न घेऊन आले, तेव्हा तिने "कपडे टाकायचे असतील तर टाका, नाहीतर वाट मोकळी करा" म्हणून त्यांना घालवलं होतं. लेकीचं भाषण लागलं की मात्र ती हातातलं काम टाकून बसायची. "बाहीची घडी बघते," म्हणायची. बघायची ती लेकीची हनुवटी.

एवढ्यात अडथळ्यापलीकडून आरोळी आली. "मावशी! माझा गणवेश द्या हो, ड्युटी चुकेल!"

दवाखान्यातली नर्स होती. तिच्यामागे बसचा ड्रायव्हर हात हलवत होता. म्हातारी उंबऱ्यात आली. समोर सुरक्षा अधिकारी उभा, कडक इस्त्रीत. इस्त्री दुसऱ्या कुणाची होती, हे तिने एका नजरेत ओळखलं.

"तुझ्या मॅडमला कळव," ती म्हणाली. "गल्ली उघडत नाही तोवर आईचं तोंड दिसायचं नाही. आणि यायचं तर रांगेतून यायचं, बाकीच्यांच्या मागून."

"आजी, सुरक्षेचा प्रश्न असतो."

"ही माणसं रोज माझ्यासमोर उभी असतात. मला कुणी खाल्लं नाही, तिला बरं खातील!"

अधिकारी बाजूला जाऊन फोनवर पुटपुटला. पुटपुटता पुटपुटता त्याचा चेहरा उतरला. मग अडथळे फरशीवर करकरत सरकले आणि गल्ली श्वास सोडल्यासारखी भरली.

लेक गल्लीच्या टोकापासून चालत आली. शेजारी फाइल छातीशी धरलेला सचिव. रांगेत पुढे नर्स, मग ड्रायव्हर, त्यांच्यामागे ही उभी राहिली.

"मॅडम, मध्येच घुसायचं नाही हं," ड्रायव्हर म्हणाला.

"आमच्या आईसमोर? माझी काय बिशाद!"

सगळे हसले. नर्स हसली नाही. ती वळून म्हणाली, "समोर आहात तर बोलूनच घेते. नवा दवाखाना बांधलात, फीत कापलीत, फोटो झाले. वरचे दोन मजले कुलूपबंद आहेत, कारण नर्सच नेमल्या नाहीत. खाली आम्ही पळून पळून मरतोय."

सचिव पुढे सरसावला. "तो विषय आरोग्य खात्याकडे..."

म्हातारीचा हात गणवेशाच्या गठ्ठ्यावर थांबला. पोरगी आता "खातं बघेल" म्हणाली, की आईचं उत्तर ठरलं. नाही म्हणावं लागणार; पोटच्या पोरीला, भर गल्लीत. आणि ती म्हणणार होती. थोरल्यानेही इस्त्री उभी करून ठेवली.

"थांबा," लेक सचिवाला म्हणाली. "हा गठ्ठा माझा आहे." मग नर्सकडे वळली. "इमारतीची घाई मी केली. माणसं आधी तयार करायला हवी होती, ते मला सांगितलंही होतं. मी ऐकलं नाही."

"मग कधी देणार?"

"शिकून तयार व्हायला वर्ष तरी जाईल. लवकर म्हणाले तर खोटं होईल."

"तोवर आम्ही काय करायचं?"

"त्रास होणार तुम्हाला. माझ्यामुळे होणार."

नर्स जराही विरघळली नाही. "मत द्यायचं की नाही, ते बघीन मी."

"बघा. नीट बघूनच द्या."

ड्रायव्हरला ते अवघड वाटलं असावं. "पण मॅडम, घाटातला रस्ता झकास केलात! गाडी लोण्यावरून गेल्यासारखी जाते."

"तो माझा नाही हो. आधीच्या सरकारने काढला, बराचसा त्यांनीच केला. मी शेवट पुरा केला."

"अहो, मी कौतुक करतोय, घ्या की!"

"दुसऱ्याचा गठ्ठा मी सोडला तर ही बाई मला दुकानाबाहेर काढेल."

गल्लीत हशा पिकला. म्हातारीने फळीकडे तोंड फिरवलं आणि वाफेचं निमित्त करून डोळे पुसले. इतकी मोठी झाली, एवढ्या मोठ्या घरात राहते, आणि अजून स्टुलावरच उभी आहे पोर माझी! तिचा ऊर असा भरून आला की नर्सच्या हातात तिने ड्रायव्हरचे शर्ट दिले. आयुष्यात पहिल्यांदा गठ्ठा चुकला. थोरल्याने मुकाट्याने बदलून दिला आणि स्वतः सोडून दाखवला.

मग लेक टेबलापाशी आली. हनुवटी वर, पण बोटं टेबलाची कड घट्ट धरून.

"सांग आई. जमतंय का मला?"

म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "दवाखान्यात घाई केलीस, ती चूक. गल्ली अडवलीस, ती त्याहून मोठी, आणि पुन्हा अडवलीस तर याच गल्लीत कान धरीन, पंतप्रधान असशील तुझ्या घरी. तुझी बाही चुरगळली आहे, ती दादाकडे दे. आणि उद्या उभी राहा, चिमणे. चांगलं काम करतेस तू."