गोळ्या बंद

थोरल्याच्या उजव्या हाताला कंप सुटला, तेव्हा त्याने तो सहा महिने कुणाला कळू दिला नाही. सलून दोघा भावांचं. खुर्च्या तीन: एक थोरल्याची, एक धाकट्याची आणि तिसरी वडिलांच्या वेळची, जिच्यावर आता फक्त टॉवेल वाळत पडायचे. थोरल्याला अख्खा रस्ता ‘दादा’ म्हणायचा. दाढी करायची तर दादाकडूनच, असा हट्ट धरून माणसं तास तास बाकावर बसायची, आणि धाकटा आपला रिकाम्या खुर्चीमागे उभा राहून कात्री वाजवायचा. त्याला त्याचं वाईट वाटायचं, पण भावाचा अभिमानही तितकाच होता.

शेवटी वहिनीने नवऱ्याला ओढतच मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पार्किन्सन निघाला. गोळ्या दिवसातून पाच वेळा, घड्याळ लावून, जेवणाच्या आधी.

“आजार याने जाणार नाही,” बाई म्हणाल्या. “पण तुम्ही चालते-फिरते राहाल. फक्त एक लक्षात ठेवा. मनाने एकही गोळी वाढवायची नाही, आणि मनाने एकही कमी करायची नाही. काही वेगळं वाटलं तर मला फोन करायचा.”

चार वर्षं छान गेली. मग गोळीचा असर लवकर ओसरायला लागला. साडेदहाची गोळी दीडपर्यंत पुरायला हवी, पण बाराच्या सुमारास हात पुन्हा थरथरायचा, आणि नेमकी तीच गर्दीची वेळ. हे बाईंना सांगायचं सोडून थोरल्याने परस्पर उपाय शोधला. जुनी चिठ्ठी दाखवून त्याने दोन रस्ते पलीकडच्या औषधाच्या दुकानातून जास्तीच्या पट्ट्या आणल्या आणि धुतलेल्या टॉवेलांच्या चळतीखाली ठेवल्या. आधी अर्धी, मग एक, मग दोन, शेवटी दिवसाला चार. घरी वहिनी मोजून पाच द्यायची. माणूस घेत होता नऊ.

हात स्थिर झाला, पण अंग डुलायला लागलं. मान वळायची, खांदा आपोआप वर-खाली व्हायचा.

“दादा, कुठलं गाणं ऐकताय?” गिऱ्हाइकं विचारायची.

“तुझ्या लग्नाच्या बँडचं,” तो म्हणायचा, आणि सगळे हसायचे.

धाकट्याला टॉवेलांखालच्या पट्ट्या सापडल्या होत्या. तो बोलला नाही. भावाला उलट बोलायची त्याला सवयच नव्हती.

एका दुपारी धाकटा एका शाळामास्तरांचे केस कापत होता. थोरला तिसऱ्या खुर्चीजवळ गेला, टॉवेल बाजूला केले, ब्रश पाण्यात बुडवून फेस काढला आणि खुर्चीच्या चामड्याच्या उशीला लावायला लागला. हळूहळू, नीट, कानापासून हनुवटीपर्यंत लावावा तसा. मग त्याने वस्तरा उघडला.

“मान जरा वर घ्या,” तो रिकाम्या खुर्चीला म्हणाला. “हालू नका.”

मास्तरांनी आरशात ते पाहिलं. अर्धे केस तसेच ठेवून, गळ्यातला कपडा काढून, ते दुकानाबाहेर पडले.

“दादा, तिथे कोण आहे?”

“डोळे फुटले का तुझे? सकाळपासून बसलाय बिचारा.”

धाकट्याने वस्तरा त्याच्या हातातून अलगद काढून घेतला. दुकान बंद करून तो भावाला घरी घेऊन गेला. तिथेही थोरल्याला कपाटाजवळ दोन पोरं दिसली, आणि ती पोरं कुणाची, असं तो बायकोला दरडावून विचारायला लागला. वहिनी रडायला लागली.

धाकट्याने टॉवेलांखालच्या पट्ट्यांचं सगळं सांगितलं, आणि गोळ्यांची डबी उचलून शर्टाच्या खिशात टाकली.

“आजपासून एकही नाही. विष आहे हे, विष.”

“भाऊजी, आधी डॉक्टरीणबाईंना विचारू या का?”

त्याने फोन लावला. दवाखान्यातल्या मुलीने सांगितलं की बाई परगावी आहेत, सोमवारी येतील. तातडीचं असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर घ्या.

“नको, सोमवारीच बोलतो,” धाकटा म्हणाला. अनोळखी माणसाला काय सांगायचं? भाऊ खुर्चीची दाढी करतो म्हणून? “चार दिवस बंद केल्याने काय आभाळ कोसळणार आहे? वहिनी, अंगातलं सगळं निघून जाऊ दे, मग बघू.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कपाटाजवळची पोरं गेली. धाकट्याला हायसं वाटलं. “बघा,” तो वहिनीला म्हणाला. पण संध्याकाळी थोरल्याला खाटेवरून उठवेना. तिसऱ्या दिवशी पाणी घशाखाली उतरेना, हात कोपरात वाकवायला गेलं तर लाकडासारखा. अंग चांगलंच तापलं होतं.

“साथीचा ताप आहे,” धाकटा म्हणाला आणि तापाची गोळी कुटून चमच्याने भरवली. निम्मी गालावरून ओघळली.

“मला द्या ती डबी,” वहिनी म्हणाली. दोनदा म्हणाली.

“सोमवार उद्यावर आलाय, वहिनी.”

चौथ्या दिवशी पहाटे थोरला हाका मारून ओ देईना. घामाने अंथरूण भिजलेलं, छाती भात्यासारखी चाललेली. वहिनीने दिराला न विचारता रुग्णवाहिका बोलावली.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने ताप पाहिला, हात-पाय वाकवून पाहिले आणि वळून विचारलं, “पार्किन्सनच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत?”

“संपल्या होत्या,” धाकटा म्हणाला. “म्हणजे... त्यानेच घेतल्या नाहीत. ऐकत नव्हता.”

वहिनी शेजारीच उभी होती. बावीस वर्षांत तिने दिराला कधी अरे-तुरे केलं नव्हतं, आताही केलं नाही. तिने त्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला, डबी काढली आणि टेबलावर ठेवली.

“न दिलेल्या सगळ्या यात आहेत,” ती म्हणाली. “शुक्रवारी दुपारपासून एकही पोटात गेली नाही. त्याआधी हे चोरून जास्त घेत होते, आणि नसलेली माणसं दिसायला लागली होती.”

डॉक्टरने डबी उघडून बघितली. “भास जास्त गोळ्यांनी होत होते,” तो म्हणाला. “आम्ही त्या थोड्या थोड्या उतरवल्या असत्या. एकदम बंद केल्या की असं होतं. माणूस दगावतो याने.” तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं धाकट्याला वाटलं.

नाकातून नळी घालून त्याच गोळ्या पुन्हा सुरू केल्या. अकरा दिवस थोरला अतिदक्षता विभागात होता. ताप उतरला, शुद्ध आली, पण मधल्या काळात छातीत कफ धरला आणि पायांतली ताकद गेली ती गेलीच. घरी आला तो चाकांच्या खुर्चीतून. आवाज इतका बारीक की ऐकायला कान तोंडाशी न्यावा लागे. डॉक्टरीणबाईंनी वेळा नव्याने बांधून दिल्या. डबी आता वहिनीच्या कमरेला असायची. धाकट्याने ती मागितली नाही आणि तिने दिली नाही.

पंधरा-वीस दिवसांनी वहिनी बाहेर गेलेली असताना थोरल्याने धाकट्याला बोटाने जवळ बोलावलं.

“गोळ्या,” तो कुजबुजला, “कुणी बंद केल्या?”

खोटं बोलायची सोय होती. वहिनीने नवऱ्याला काही सांगितलेलं नव्हतं, हे धाकट्याला ठाऊक होतं.

“मी, दादा.”



“विचारायचं होतंस,” थोरला म्हणाला. “दवाखान्यात.” मग दम लागला आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा रोजच्यासारखा पाणी, ब्रश आणि वस्तरा घेऊन आला. थोरल्याने मान हलवली. नाही. त्याने बायकोकडे बोट केलं. वहिनीने जन्मात कधी कुणाची दाढी केलेली नव्हती. साध्या रेझरने ती अर्धा तास खरवडत बसली. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं, रक्त आलं. थोरला हूं की चूं करेना. हे महिनाभर चाललं. रस्त्यातला सगळ्यात नावाजलेला न्हावी गालांवर ओरखडे घेऊन खिडकीत बसायचा, आणि येणारे-जाणारे धाकट्याला विचारायचे, “अरे, घरात दोन दोन न्हावी असून दादाची ही दशा?” तो “हो ना,” म्हणायचा.

मग एकदा वहिनीला ताप भरला. धाकट्याने साडेसातच्या गोळीला तिला उठवलं. तिने डबी उघडली, गोळी मोजून त्याच्या तळहातावर ठेवली आणि पुन्हा आडवी झाली. त्याने ती भावाला दिली. अर्ध्या तासाने, न विचारता, साबणाचा फेस काढला. थोरल्याने या वेळी मान हलवली नाही.

वस्तरा कानापासून खाली आला. धाकट्याने असंख्य माणसांच्या दाढ्या केल्या होत्या. वस्तरा गळ्याशी आला की माणसं आपसूक डोळे मिटतात, काही तर घोरायलाही लागतात. थोरल्याने सबंध दाढी होईपर्यंत डोळे मिटले नाहीत. तो धाकट्याच्या हाताकडे बघत राहिला.