दोघं बसा, दोघंच उठा

मी बाक बोलतोय. कुठला, ते आधी नीट ऐकून घ्या, कारण सगळा घोळ तिथंच आहे. सिस्टरांच्या या शाळेत अगदी एकसारखे दोन बाक आहेत. एक मोठ्या सिस्टरांच्या खोलीबाहेर, व्हरांड्यात. दुसरा त्याच व्हरांड्याच्या टोकाला, चॅपलमध्ये. त्यातला खरा कोण कुठला, हे आज शाळेत एकाच माणसाला ठाऊक आहे आणि ते माणूस तोंड उघडत नाही. म्हणून मलाच बोलावं लागतंय.

आम्ही दोघं एका झाडाचे. एकाच ओंडक्यातून निघालो. करवत आधी माझ्यातून गेली म्हणून मी थोरला, तो पाठचा. सुतारानं दोघांना एकाच मापानं कापलं, सारखेच पाय ठोकले. फरक एकच. माझ्या बैठकीला खालच्या अंगानं फांदीची गाठ होती. रंधा लागला तशी ती टुणकन उडाली आणि तिथं अंगठा मावेल एवढा खळगा राहिला. खालून कोण बघतंय, असं सुतार म्हणाला. पण बघणारे बघतातच. धाकट्याचं पोट गुळगुळीत, म्हणून तो गेला देवापाशी. माझ्या पोटाला खोट, म्हणून मी व्हरांड्यात. थोरलेपण कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून मला त्याचं बघवत नाही. आणि बघावं तर लागायचंच, कारण चॅपलचं दार माझ्या बरोबर नजरेसमोर.

त्याच्या अंगावर रंगीत काचांतून ऊन पडायचं, लाल-निळं, राजाच्या शालीसारखं. माझ्या अंगावर पडायच्या ओल्या छत्र्या. त्याच्यावर बसणारी माणसं हात जोडून बसायची, हळू बोलायची, उठताना सुद्धा त्याला हात लावून उठायची. माझ्यावर बसायची पोरं. गुडघे फुटलेली, नाक गळणारी, पोटात दुखतंय म्हणून सांगणारी आणि खरंच दुखत असलं तर माझ्यावरच ओकणारी. त्याला मेणबत्तीचा वास, मला फिनेलचा. लग्नाच्या दिवशी नवरानवरी त्याच्यावर बसून फोटो काढायची. माझ्यावर बसलेल्या कुणीही आजवर फोटो काढलेला नाही. काढला असता तर रडका आला असता.

मोठ्या सिस्टरांनी माझ्यासाठी एक नियम केला होता, तो सांगतो. कुणा दोघांचं भांडण झालं की सिस्टर त्यांना वर्गातून बोलावून माझ्यावर बसवायच्या. छडी नाही, उभं राहणं नाही, शंभर वेळा लिहिणं नाही. फक्त म्हणायच्या, "दोघं बसा, दोघंच उठा." म्हणजे एकट्यानं उठायचं नाही. कोण चुकलं ते सांगत बसायचं नाही. पुढं काय करायचं ते दोघांनी ठरवायचं आणि एकदम उठायचं. नव्या बाईंना हे पटायचं नाही. त्या म्हणायच्या, अशानं पोरं शेफारतात. सिस्टर म्हणायच्या, शिक्षा करायला मला दोन मिनिटं लागतील, पण मग शिकेल कोण, मीच ना?

पोरं बसायची. आधी दोन टोकांना, मधे हत्ती मावेल एवढी जागा सोडून. मग गप्प. आणि गप्प बसलेल्या पोराचा हात हमखास बाकाखाली जातो, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगतो. बोट फिरत फिरत माझ्या खळग्यात जायचं. तिथं ते गोल गोल फिरवत बसायचं. दुसऱ्याला कळायचं की याला काहीतरी सापडलंय. मग तो विचारायचा, काय आहे रे. झालं. मधला हत्ती उठून जायचा. इतकी बोटं त्या खळग्यात फिरली की वरून मी खरखरीत आणि तिथं मात्र काचेसारखा झालो. पण हे कौतुक मला तेव्हा नव्हतं. मला हवं होतं लाल-निळं ऊन.

मग एकदा बिशप येणार म्हणून शाळेची झाडलोट निघाली. भिंती रंगल्या, फाटकाला तेल मिळालं आणि आम्हा दोघांना सुताराकडं धाडलं. त्यानं रंधा मारला, पॉलिश चढवलं. माझ्या पाठीवर पोरांनी कंपासनं कोरलेली नावं गेली. धाकट्याच्या अंगावरचे मेणाचे थेंब गेले. हातगाडीवरून परत आलो तेव्हा आमच्या आईनं, म्हणजे त्या झाडानं, सुद्धा ओळखलं नसतं.

फाटकावर होता कुंभकर्ण. खरं नाव दुसरंच, पण दुपारी स्टुलावर बसून तो अशी काही डुलकी काढायचा की पोरांनी हेच ठेवलं आणि पुढं बायांनीही उचललं. हातगाडीवाल्यानं त्याला विचारलं, यातला चॅपलचा कुठला? कुंभकर्णानं एक डोळा उघडला. "चांगला दिसतो तो आत ने," म्हणाला आणि डोळा मिटला.

चांगला मी दिसत होतो. वरची खरखर रंध्यानं गेली होती आणि एवढी वर्षं पोरांनी घासलेलं लाकूड, पॉलिश माझ्यावर जास्त खुललं होतं. अशा रीतीनं मी आत गेलो आणि धाकटा व्हरांड्यात.

पहिल्या मिस्सेला, म्हणजे फादरांच्या मोठ्या प्रार्थनेला, मी असा छाती काढून उभा, जणू बिशप मलाच बघायला आलेत. ऊन पडलं अंगावर. मेणबत्तीचा वास आला. मनातल्या मनात धाकट्याला म्हटलं, बस आता तू, पूस पोरांची नाकं.

आठवडाभर मजेत गेला. मग कंटाळा यायला लागला, तो काही जाईना. इथं माणसं येतात, बसतात, पण शेजाऱ्याकडं बघत नाहीत. सगळे समोर बघतात. जो तो आपलं आपलं वर सांगतो आणि आपला आपण उठून जातो. बोलतात तेही ओठांतल्या ओठांत, मला एक अक्षर कळत नाही. हात कुणी खाली घालत नाही, हात जपमाळेत. शिवाय माझं तोंड वेदीकडं आणि पाठ दाराकडं. व्हरांड्यातलं ऐकू येतं, दिसत काही नाही. आणि ऐकू काय येतं? भांडणं. ताजी, गरमागरम भांडणं, आणि ती सगळी धाकट्याच्या मांडीवर.

एकदा तर एक पोरगी म्हणाली, बाकाचं भोक बुजवलं वाटतं गं. बुजवलं म्हणे! मी इथं भिंतीपलीकडं ठणठणीत उभा आहे आणि ही मला बुजवून मोकळी झाली.

त्यानंतर ती भानगड झाली. एका दुपारी कुंभकर्णाचा डोळा लागला आणि सर्वांत लहान वर्गातलं एक पोर फाटकातून सरळ रस्त्यावर गेलं. वळणावरच्या पाववाल्यानं उचलून आणलं म्हणून बरं. फादर शाळेचा कारभार बघतात. ते म्हणाले, या माणसाला उद्यापासून घरी बसवा. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, नाही बसवणार. शब्दाला शब्द लागला आणि दोघांचं बोलणं बंद.

आता शाळा चालवायची तर निरोप तर धाडायला हवेत. ते धाडायचे कुणाच्या हाती? कुंभकर्णाच्या. म्हणजे फादरांचा निरोप घेऊन तोच यायचा की त्या फाटकवाल्याचं काय ठरवलंत, आणि सिस्टरांचा निरोप घेऊन तोच जायचा की तो आहे तिथंच राहील. बिचारा आपल्याच मानेभोवतीचा दोर इकडून तिकडे पोचवत होता. मिस्सेत फादर सगळ्यांकडं बघायचे, एका सिस्टरांना सोडून. पोरांना सगळं कळत होतं. पोरांना काय कळत नाही?

एक दिवस सिस्टरांनी दोन मुलींना व्हरांड्यात बसवलं. एकीला सगळे चिमणी म्हणतात, तिचा आवाज नाहीच. दुसरी तडतडी, तिला आवाजाशिवाय काही नाही. सिस्टर नेहमीचं वाक्य बोलून आत वळल्या, तेवढ्यात तडतडी म्हणाली, "सिस्टर, मग तुम्ही आणि फादर कधी बसणार?"

मला इथं माझ्याच लाकडाची कुरकुर ऐकू यायला लागली. आता पोरीच्या कानाखाली आवाज निघणार, असं मला वाटलं. निघाला नाही. सिस्टर म्हणाल्या, "उठा दोघी. जागा द्या." मग चिमणीला सांगितलं, फादरांना बोलावून आण.

फादर आले. बसले. एवढं मला आवाजावरून कळलं. कोण कुठल्या टोकाला, मधे हत्ती होता की नव्हता, ते काही दिसलं नाही. सगळ्या जन्मात असं भांडण माझ्यावर बसलं नाही, आणि बसलं ते त्या गुळगुळीत पोटाच्या धाकट्यावर. माझा नुसता जळफळाट झाला.

फादर म्हणाले, तुम्ही आधी बोला. सिस्टर म्हणाल्या, इथं आधी-नंतर नसतं.

"पोर गाडीखाली आलं असतं तर?" फादरांनी विचारलं.

"तर मी त्याच्या आईपुढं जाऊन उभी राहिले असते."

"मग आता का नाही राहिलात? आलं नाही म्हणून?"

हा घाव वर्मी लागला होता, भिंतीपलीकडून सुद्धा कळलं मला. मग सिस्टर हळूच म्हणाल्या, "तुम्ही त्याला कधी विचारलंत, दुपारी झोप का लागते? बायको अंथरुणाला खिळलीय त्याची. रात्रभर तिला कुशीवर वळवत असतो."

"मला कुणी सांगितलं नाही."

"रोज निरोप त्याच्याच हाती धाडत होतात, फादर. त्यालाच विचारायचं."

घंटा झाली, तास बदलला, तरी एकही पोर व्हरांड्यातून गेलं नाही. बायांनी वर्गाची दारं धरून ठेवली असणार. शेवटी ठरलं ते असं की दुपारचा तास फादर स्वतः फाटकावर बसतील आणि कुंभकर्ण आत जाऊन रीतसर झोपेल. आणि सिस्टर त्या पोराच्या घरी जातील, त्याच्या आईची माफी मागतील, एकट्या. मग दोघं उठले. एकदम उठले, कारण बाक एकदाच कुरकुरला. मी असतो तर कुरकुरलो नसतो. मला सवय आहे.

त्या संध्याकाळी सिस्टर त्या घरून परतल्या आणि थेट चॅपलमध्ये आल्या. माझ्यावर बसल्या. जपमाळ काढली नाही. समोर बघत राहिल्या आणि त्यांचा हात बाकाखाली गेला. दमलेल्या माणसाचा जातो तसा. बोट खळग्यात आलं, एकदा फिरलं आणि थांबलं.

"अरे," त्या म्हणाल्या, "तू इकडे होय?"

काय सांगू, माझ्या चारही पायांत जीव आला. म्हटलं, आता बोलावतील हातगाडी, आता जातो मी माझ्या जागेवर. वाट बघत राहिलो. त्या पुष्कळ वेळ बोट फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "राहू दे. इथं येणारेही भांडूनच येतात."

म्हणायला त्यांचं काय जातंय? त्यांना दोन्हीकडं बसता येतं.

तेव्हापासून मी इथंच आहे. फादर दुपारी फाटकावर बसतात. एकदा त्यांचाही डोळा लागला म्हणे, आणि पोरांनी त्यांना काय नाव ठेवलंय ते मी देवाच्या घरात सांगणार नाही. सिस्टर रोज येतात. पण एक बदल झालाय. पूर्वी त्या माझ्या मधोमध बसायच्या. आता एका कडेला बसतात, शेजारी माणसाएवढी जागा सोडून. तोंडानं पुटपुटत नाहीत, चांगलं ऐकू येईल असं बोलतात, कधी कधी चढ्या आवाजात. मग गप्प बसून राहतात. चटकन उठत नाहीत. शेजारची जागा कुणासाठी सोडतात ते मला विचारू नका, मी लाकूड आहे. वजन मात्र मला एकाच टोकाला लागतं.

धाकट्याचं काय चाललंय, मला माहीत नाही. आत्ता या घडीला त्याच्यावर दोन पोरं बसलीत. नकाशा कुणी फाडला यावरून जुंपलीय. एक म्हणतोय तू ओढलास, दुसरा काहीतरी म्हणतोय, ते वाऱ्यानं दार आपटलं त्यात गेलं.

तुमच्यापैकी कुणी इकडं येणार असाल तर दोघं या, एकटे नको. तेही नाही जमलं तर एवढं तरी करा. जाताना चॅपलचं दार लावून घेऊ नका. पुढं त्या दोघांचं काय ठरलं, ते मला ऐकायचंय.