सोनबासाठी थांबलेली गाडी

ज्योतीरामला एकच खूळ होतं, आणि तळवड्यापासून चाकणपर्यंत त्या खुळाचं भारी कौतुक होतं. त्याची गाडी माणूस मागे टाकून निघत नसे. बाकीचे ड्रायव्हर कसले बेरकी! सातला सुट्टी झाली, सात-दहाला गिअर टाकला, राहिला तो राहिला, त्याने बघावं काय ते. ज्योतीरामला ते जमायचं नाही. तिसऱ्या शिफ्टचा माणूस रात्रभर मशीनपुढे उभा असतो, सकाळी त्याच्या जागेवर येणारा रिलीव्हर आला नाही म्हणून अडकतो, आणि त्याला सोडून जायचं? छे, छे. नऊ वर्षांत त्याने एक माणूस टाकला नव्हता. मागच्या दसऱ्याला कामगारांनी वर्गणी काढून कंपनीच्या गेटवर त्याला शाल-श्रीफळ दिलं, तेव्हा हा बाबा गावाकडं लातूरला फोन करून करून सगळ्यांना सांगत होता. माणसाला कौतुकाची चटक लागली की सुटत नाही, हेच खरं.

गाडी त्याची नव्हे, उद्धवरावांची. उद्धवराव ट्रॅव्हल्सवाले, आणि त्यांच्याकडे गाडी उभी राहिलेली कुणी बघितली नाही. पहाटे निगडीहून पहिल्या शिफ्टची माणसं चाकणच्या कंपनीत न्यायची, सातला सुटलेली तिसरी शिफ्ट परत निगडीत आणून सोडायची, आणि सव्वाआठला त्याच सीटांवर कॉलेजची पोरं बसवून पुन्हा चाकण, आणि चाकणच्याही पुढे. कॉलेज पार माळावर. कुणा शहाण्याने तिथे जागा घेतली देव जाणे! एसटी फाट्यावर सोडते, तिथून चार किलोमीटर नुसता मुरूम. पोरांना या गाडीशिवाय दुसरा आधार नव्हता.

त्याच कॉलेजात ज्योतीरामची दीपमाला शिकत होती. शेवटचं वर्ष. बापाच्या गाडीत, बापाच्या मागच्या सीटवर बसून चार वर्षं गेली-आली. फेब्रुवारीत हिंजवडीच्या एका कंपनीने तिची निवड केली, तेव्हा ज्योतीरामने ते पत्र लॅमिनेट करून आणलं. पण पत्रात एक ओळ होती. जुलैत रुजू व्हायचं असेल तर एकही विषय राहिलेला चालणार नाही. आणि दीपमालाचा एक राहिला होता, दुसऱ्या वर्षाचं गणित. दोनदा दिला, दोनदा थोडक्यात गेला. आता मे महिन्यात शेवटची संधी. या खेपेला निघाला तर नोकरी, नाही तर ते पत्र आणि रद्दी सारखीच.

पोरीने जिवाचं रान केलं हो. दोन महिने निगडीच्या प्राधिकरणात मैत्रिणीकडे, निवेदिताकडे, जाऊन अभ्यास केला. तिचाही तोच विषय अडकलेला. पेपरच्या पहाटे ज्योतीराम कामावर निघाला तेव्हा दीपमाला वही घेऊन स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी होती, बसलं की झोप येते म्हणून. "अप्पा, आज वेळेवर या हं," ती म्हणाली. "दहाचा पेपर आहे."

"नऊ वर्षांत कधी चुकलो का?" ज्योतीराम म्हणाला. आणि खरंच, चुकला नव्हता.

सातला सुट्टी झाली. माणसं डुलत डुलत गाडीत चढली आणि बसल्या बसल्या घोरायला लागली. ज्योतीरामने मोजली. एक कमी. सोनबा नव्हता.

सोनबा प्रेसवर होता, पन्नाशी ओलांडलेला, उजव्या पायाने जरा लंगडत चालणारा. महिन्यातून चार वेळा तरी त्याचा रिलीव्हर उशिरा यायचा आणि सोनबा मागून धापा टाकत यायचा. रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडलं तर मेमो. फोन करून विचारावं, तर आत फोन न्यायला बंदी, सगळ्यांचे फोन गेटवरच्या लॉकरमध्ये. तेव्हा काय करायचं? वाट बघायची. ज्योतीराम पाच-दहा मिनिटं थांबायचा, रस्त्यात ती भरून काढायचा. आजही थांबला.

सात-दहा झाले. सव्वासात झाले. आता ऐका, या रस्त्याचं गणित असं की सव्वासातच्या आत निघालात तर तुम्ही राजे. सव्वासातनंतर जनरल शिफ्टच्या गाड्या समोरून यायला लागतात, कंटेनर सुटतात, आणि मग तुमचं दैव आणि तुम्ही. ज्योतीरामला हे पाठ होतं. पुढच्या सीटवरचा एक जण म्हणालासुद्धा, "ज्योतीराम भाऊ, आज पोरीचा पेपर ना? चला राव, येईल तो कशाने तरी."

"कशाने येईल? लंगडत?" ज्योतीराम जरा चिडूनच बोलला. घड्याळाकडे त्याचंही लक्ष होतं. पण आज स्वतःच्या लेकीसाठी सोनबाला टाकला, तर नऊ वर्षं काय नुसता देखावा केला का, असंही त्याला वाटलं. आणखी पाच मिनिटं, म्हणाला. मग आणखी पाच.

सात-तीसला तो उतरून गेटवर गेला. वॉचमनने आत फोन लावला, हं हं केलं, आणि ठेवला. "सोनबा ना? ते डबल मारतायत. ओव्हरटाइमला थांबलेत. दुपारी तीनला सुटतील."

"मग निरोप नको का द्यायचा?"

"दिलाय म्हणे. धम्मरत्नकडे."

धम्मरत्न मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून झोपला होता. ज्योतीरामने त्याला हलवलं, तेव्हा तो लाल डोळ्यांनी बघत राहिला आणि मग एकदम ताडकन उठला. "आयला! भाऊ, सोनबा आज येणार नाही. सांगायचं राहिलंच. बसलो आणि डोळाच लागला." बिचाऱ्याचं तोंड उतरलं. त्याला काय बोलणार? सलग सातवी रात्र होती त्याची. ज्योतीरामने एक शिवी तोंडातच गिळली आणि गाडी सुरू केली. वीस मिनिटं गेली, आणि गेली ती कुणासाठीच नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. तळवड्याच्या चौकात गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. सव्वाआठला दीपमालाचा फोन आला. निगडीच्या थांब्यावर अकरा जण ताटकळत होते, सगळे याच पेपरचे.

"अप्पा, कुठं आहात?"

"आलोच. तळवड्यात आहे."

"निवेदिताचे बाबा कार घेऊन आलेत तिला सोडायला. काका म्हणतायत, एक जागा आहे, तू पण चल. जाऊ का?"

ज्योतीरामच्या जिभेवर 'जा' आलं होतं. आलेलं होतं हो, अगदी ओठांवर! पण माणसाचा अभिमान कुठून आडवा येईल, सांगता येत नाही. त्याच्या मनात आलं, ड्रायव्हरचीच पोरगी दुसऱ्याच्या गाडीत बसून गेली तर बाकीच्या दहा पोरांनी काय समजायचं? बापालाच स्वतःच्या गाडीचा भरवसा नाही, असंच ना? त्यांच्या आई-बापांचे फोन सुरू होतील, उद्धवराव ओरडतील, आणि सगळं नाव मातीत जाईल.

"नको," तो म्हणाला. "सगळे थांबलेत आणि आपणच जायचं, बरं दिसत नाही. मी पोचवतो ना. दहाच्या आत पोचवतो. बापावर विश्वास नाही का?"

"आहे की," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नऊला पाच कमी असताना गाडी निगडीतून निघाली. घाम पुसायलाही ज्योतीराम थांबला नाही. रोजचा सव्वातासाचा रस्ता, म्हणजे दहा-दहा, आणि साडेदहापर्यंत आत घेतात. जमेल, जमतंय, तो मनाशी म्हणत होता. दीपमाला मागच्या सीटवर सूत्रं पुटपुटत होती. महाळुंग्यापर्यंत गाडी पाण्यासारखी गेली, आणि ज्योतीरामने चक्क देवाचे आभार मानले. एवढी घाई करायला नको होती त्याने.

महाळुंग्याच्या पुढे एका लांबलचक ट्रेलरने वळण घेताना मागची चाकं गटारात घातली होती आणि तो रस्ताभर आडवा पडला होता. पुढे गाड्या, मागे गाड्या, मध्ये ज्योतीराम. साडेनऊ. पावणेदहा. पोरांच्या तोंडचं पाणी पळालं. एक मुलगी रडायला लागली. दोन मुलं उतरून पुढे पळाली, दुचाकीवाल्यांना हात करत. एकाला कुणीतरी बसवून घेतलं, दुसरा तसाच उन्हात पळत राहिला. दीपमालाही उठली होती. पण तेवढ्यात क्रेन आली, आणि ज्योतीराम ओरडला, "बस, बस, निघाला रस्ता!" ती बसली. दुसऱ्यांदा तिने बापाचं ऐकलं.

रस्ता निघायला आणखी बावीस मिनिटं लागली.

त्यानंतर ज्योतीरामने गाडी कशी हाणली ते विचारू नका. चाकणच्या चौकात सिग्नल तोडला, मुरमाच्या रस्त्यावर गाडी अशी आपटत नेली की वरच्या फळीवरच्या पिशव्या खाली आल्या. कॉलेजच्या आवारात थांबला तेव्हा दहा छत्तीस झाले होते. पोरं जिन्याकडे पळाली. वरचं दार लागलं होतं.

परीक्षेचं काम बघणारे अनिश सर बाहेर आले. माणूस वाईट नव्हता, उलट त्याचाच चेहरा पडला होता. "साडेदहाला हजेरी विद्यापीठाकडे गेली," ते म्हणाले. "नाव गैरहजर लागलंय सगळ्यांचं. आता माझ्या हातात काही नाही."

"सर, गाडीचा उशीर आहे, पोरांचा नाही," ज्योतीराम म्हणाला. जिने चढून त्याचा श्वास फुलला होता. "मला काय करायचं ते करा. पोलिसात द्या. पण यांना आत घ्या. सहा मिनिटं हो सर, फक्त सहा मिनिटं!"

"मी गाडीला उशीर झाला असं लिहून देतो. पण आत नाही घेता येत."

ज्योतीराम वाकला. पाय धरायलाच वाकला होता, भर व्हरांड्यात, सगळ्या पोरांसमोर. दीपमालाने त्याचा दंड पकडला आणि त्याला उभं केलं. "अप्पा, नको," एवढंच म्हणाली आणि त्याला हाताला धरून खाली घेऊन आली, आजारी माणसाला आणतात तसं.

एक वाजता पेपर सुटला. निवेदिता बाहेर आली ती हसत, आणि दीपमालाला बघून तिचं हसू विरलं. "कसा होता?" दीपमालानेच विचारलं. "सोपा होता गं," निवेदिता म्हणाली आणि रडायला लागली. म्हणजे बघा, जिचा पेपर झाला ती रडत होती आणि जिचा गेला ती तिची पाठ थोपटत होती. ज्योतीरामला हे गाडीतून दिसत होतं. त्याला वाटलं, पोरीने यावं आणि आपल्या तोंडात मारावी. खरंच मारावी, जोरात.

दुपारच्या शिफ्टला आज उद्धवरावांनी दुसरी गाडी लावली होती. फोनवर त्यांनी ज्योतीरामला जे सुनवायचं ते सुनवलं होतं. पोरं गाडीत येऊन बसली. दीपमाला बापाच्या मागच्या सीटवर येऊन बसली. चाकण मागे पडलं, महाळुंगे आलं. मग तिने पुढे वाकून हळूच विचारलं.

"अप्पा, सकाळी कंपनीत कुणासाठी थांबला होतात ना तुम्ही? तुमच्याशी फोनवर बोलत होते तेव्हा मागं गाडीत कुणीतरी म्हणताना ऐकू आलं."

"सोनबासाठी," तो म्हणाला.

"ते लंगडत येतात, ते?"

"हं."

"आले होते ना पण? घरी पोचले ना नीट?"

समोर रस्ता मोकळा होता. एक गाडी आडवी असती तर बरं झालं असतं, थोडा वेळ मिळाला असता. आरशात ती त्याच्याकडे बघत होती, डोळे सुजलेले, आणि त्या डोळ्यांत राग नव्हता. बापाने कुणा गरिबाला मागे टाकलं नाही, एवढी एकच गोष्ट तिला आज धरायला उरली होती.

"पोचले," ज्योतीराम म्हणाला. "घराशीच सोडलं मी त्यांना."

"मग बरं केलंत, अप्पा," दीपमाला म्हणाली, आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.