बटाट्यावर पसरलेला आहेर

आहेरात आलेली साडी नेसायची नसते, हे विंचूरच्या शिवारात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती पेटीत ठेवायची, घडी मोडू द्यायची नाही आणि पुढच्या लग्नात दुसरीच्या ओटीत घालायची. पथ्य एकच: जिच्याकडून आली, तिच्याच घरी परत जाऊ द्यायची नाही. लताबाईची थोरली जाऊ झुंबरबाई हिनं ते मोडलं होतं. लेकीच्या, तेजलच्या लग्नात तिनं लताबाईला जी पोपटी साडी दिली, ती मागं लताबाईनंच तिला दिलेली होती. पदराच्या कोपऱ्याला हळदीचा डाग होता, तोच. लताबाई हसली, पाया पडली आणि साडी पेटीच्या तळाशी ठेवली. वेळ आली की काढू, म्हणून.

वेळ बटाट्यानं आणली.

शेत सामाईक, हुकूम झुंबरबाईचा. ओढ्याकाठचा तुकडा लताबाईनं भांडून मागून घेतला होता. "एक हंगाम कर तुझा बटाटा," झुंबरबाई म्हणाली होती, "नाय साधला तर पुढं गुमान कांदा, अन माझ्या हाताखाली खुरपायचं." बटाटा उगवला, वीतभर झाला आणि थंडीचा कडाका पडला. ओढ्याकाठी गारवा साचतो. पहाटे पानावरचं दव गोठलं की दुपारपर्यंत पाला उकडल्यासारखा काळा.

"रातच्याला पाणी भरू," नवरा सहादू म्हणाला.

"वीज दिवसाची हाय या आठवड्यात."

"मग धूर करू."

"धूर जाऊबाईंच्या घरात शिरला, तर बटाट्याआधी आपण दोघं करपू."

म्हणून तिनं पेटी शेतात आणली. सहादू तुरीच्या काड्या रोवत पुढं, त्यांच्यावर साड्या ताणत लताबाई मागं. कापड पानाला टेकलं की पान गारठतं, एवढं दोघांनाही कळत होतं. हात चालत होते तसा मनात जमाखर्चही चालला होता. ही येवल्याच्या मावशीची. पैठणीच्या गावात राहते आणि देते काय, तर हे जाळं. ही सुमनबाईची, नुसतं बघितलं तरी रंग जाईल. बरं झालं, बटाट्याला रंगाचं काही नसतं.

शेवटी रस्त्याकडच्या बांधालगतच्या काही ओळी उरल्या आणि साडी एकच उरली. पोपटी. झुंबरबाईच्या रोजच्या वाटेला लागून जी ओळ होती, नेमकी ती लताबाईनं धरली. सहादू काडी रोवायला वाकला.

"राहू द्या. काड्यांवर टाकली की डाग घडीत जातो."

"कसला डाग?"

"तुम्ही घरी जा."

तिनं साडी सपाट पसरली, काठांवर ढेकळं ठेवली आणि डागाचा कोपरा वाटेकडं केला.

सकाळी ती आली तेव्हा झुंबरबाई बांधावर उभी होती.

"साडी ओळखीची दिसती."

"असायचीच. तुमच्याकडं राहून आलीय."

झुंबरबाईनं डाग पाहिला, पण तोंड पडू दिलं नाही. पायानं ढेकूळ सारून तिनं काठ उचलला. खाली सगळा पाला काळा, लिबलिबीत. काड्यांवरच्या साड्यांखाली बटाटा हिरवागार होता. उघड्या राहिलेल्या ओळींचे शेंडे तेवढे गेले होते.

"माझी साडी दाखवायला स्वतःचा बटाटा जाळलास," ती म्हणाली. "आज याच्याहून गार पडणार हाय. उघड्या ओळी मुळापासून जातील. खुरप्याला धार लावून ठेव."

लताबाई उघड्या राहिलेल्या ओळी मोजू लागली.

दुपारी झुंबरबाई डोक्यावर गाठोडं घेऊन आली आणि तिनं ते बांधावर उपडं केलं.

"ही तुझ्या आईची. ही भावजयीची. या दोन बहिणीच्या. एकीची घडी मोडायची लायकी नाय. घे, झाक. पण या रस्त्याकडच्या ओळींवरच, अन काठ वर करून. एस्टीतल्या लोकांना बघू दे तुझं माहेर."

"अन नाय झाकलं तर?"

"तर नको. कांद्याचं रोप तयार हाय माझं."

लताबाईनं आभाळाकडं पाहिलं. ढग नाही, वारा पडलेला. मग आईची चॉकलेटी साडी पाहिली. आई दुकानात म्हणाली होती, जरा बरी घेऊ का. तेव्हा लताबाईच म्हणाली होती, जाऊबाईंना काय कळतंय.

"अहो," तिनं सहादूला हाक मारली, "काड्या आणा. जास्त आणा."

दुसऱ्या दिवशी उन्हं आली तेव्हा येवल्याची एस्टी गतिरोधकावर हळू झाली आणि खिडक्यांतून माना बाहेर आल्या. लताबाईनं तिकडं पाहिलंच नाही. एकेक साडी उचलून ती खाली बघत होती. काळी पडलेली पोपटी ओळ सोडली, तर सगळा बटाटा उभा होता.

"वाचला म्हणायचा," बांधावरून झुंबरबाई म्हणाली. तिचा आवाज कांद्यासारखा झोंबत होता.

"वाचला. रोप दुसऱ्याला देऊन टाका."

"थंडी अजून जायचीय."

"साड्या हायेत की तुमच्या."

"गेली की धुऊन परत कर. तेजलचं बाळ होतंय, बारशाला द्यायला लागतील."

लताबाई पोपटी साडीवरचं दव झटकत होती. ती एकदम थांबली. मग तिनं साडी गुडघ्यावर घेऊन, डाग पार आत जाईल अशी घट्ट घडी घातली.

बारशाला आजीलाही आहेर करावा लागतो.