पहिल्या गणिताची हिरवी खूण

मी एक जुना सरावसंच आहे, मित्रांनो. माझ्यात गोष्टी नाहीत आणि धडेही नाहीत. माझ्या पोटात नुसती गणितं आहेत आणि शेवटच्या पानांवर त्यांची उत्तरं. माझ्या विषयांची नावं ऐकली की भलेभले चुळबुळ करू लागतात: अनेक चलांचं कलन आणि रेषीय रूपांतरं. तुम्ही मात्र पळू नका. तव्यावर मधोमध आच किती, उजवीकडे सरकलं तर किती, वर सरकलं तर किती, हे आकड्यांत मांडायचं, ते झालं पहिलं. चौकोनी चादरीची एक कड धरून समोरची कड बाजूला ओढली की चादर तिरकी होते. तिच्यावरचा कुठला ठिपका कुठे गेला ते शोधायचं, ते झालं दुसरं. एवढंच आहे. बाकी सगळा सराव.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. तिथून मी निगडीला, प्राधिकरणातल्या एका बंगल्यात गेलो. प्रज्वल नावाच्या मुलानं पहिल्या पानावर झोकात आपलं नाव घातलं, प्लास्टिकचं कव्हर चढवलं आणि मला काचेच्या कपाटात उभं केलं. पाहुणे आले की त्याची आई कौतुकानं बोट दाखवायची, "हे आमच्या प्रज्वलचं इंजिनिअरिंगचं गणित." पाहुणे माना डोलवायचे आणि मी फुगायचो. पण प्रज्वल क्लासच्या नोट्सवर पास झाला. त्यानं मला एकदाही उघडलं नाही. माझी पानं एकमेकांना चिकटून राहिली. काम न करता मिळालेला मान अंगी लागत नाही, हे मला तिथे कळलं. घराला रंग काढला तेव्हा जुन्या वर्तमानपत्रांबरोबर मीही रद्दीत गेलो.

निगडीच्या बसस्थानकाजवळ जुन्या पुस्तकांची एक गाडी लागते. तिथून मला मैत्री नावाच्या मुलीनं उचललं. मैत्री मूळची परभणीकडची. डिप्लोमा करून ती महाळुंग्याला आली आणि भिमाबाई या आपल्या आत्याकडे राहू लागली. भिमाबाई कामगारांसाठी खानावळ चालवतात. मैत्री दिवसा एका कंपनीत मालाची तपासणी करायची आणि संध्याकाळी पदवीच्या वर्गाला जायची. डिप्लोमा असल्यामुळे तिला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला होता. पण त्यामुळे पहिल्या वर्षाचं गणित, म्हणजे नेमका मी, तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता. कॉलेजनं त्याचा वेगळा पेपर ठेवला होता. दोन संधी. दोन्हींत नापास झालं तर प्रवेश रद्द.

पोरगी जिद्दीची होती. माझी चिकटलेली पानं तिनं एकेक करून सोडवली. मला वाटलं, आता आपले दिवस आले. पण तिची एक खोड होती, आणि ती तिनं कंपनीतून आणली होती. तिथे मशीन सुरू झालं की पहिला पीस तपासतात. तो बरोबर निघाला की हिरवी खूण करतात आणि पुढचा माल सुटतो. मैत्री माझ्याशीही तसंच वागली. प्रत्येक संचातलं पहिलं गणित सोडवायचं, मागचं उत्तर बघायचं, जुळलं की हिरव्या पेनानं बरोबरची खूण करायची आणि पुढचा संच. पंधरवड्यात तिनं मला संपवलं. "आत्या, पुस्तक झालं," म्हणाली.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. अगं बाई, संचातलं पहिलं गणित सगळ्यात गरीब असतं. ते तुला आत बोलावण्यासाठी ठेवलेलं असतं. खरी खोडकर मंडळी पुढे बसलेली असतात. पण सरावसंचाला तोंड कुठे असतं?

पेपरात नेमकी तीच खोडकर मंडळी आली. एका रूपांतरात सगळी आकृती दाबून एकाच रेघेवर बसत होती. अशा ठिकाणाहून मागे येता येत नाही. चेपून सपाट झालेल्या डब्यात पुन्हा भाजी मावत नाही. पण मैत्रीनं पहिल्या गणितासारखीच पाठ केलेली रीत चालवली आणि शून्यानं भागून बसली. दुसऱ्या गणितात एका दिशेनं चढ होता आणि दुसऱ्या दिशेनं उतार. तिनं तिथे तळ आहे असं ठोकून लिहिलं. निकाल लागला. मैत्री नापास.

राग निघाला माझ्यावर. "याच्यातलं काही आलंच नाही पेपरात," असं म्हणून तिनं मला ओट्यावर आपटलं. भिमाबाईंना तेवढंच हवं होतं. गरम आमटीच्या पातेल्याखाली ठेवायला त्यांना काहीतरी लागतच होतं. माझ्या पाठीवर काळा गोल उमटला, कव्हर वितळून सुरकुतलं. मला फार वाईट वाटलं, खोटं का बोलू.

मग एका संध्याकाळी मैत्री वर्गाला न जाता थेट घरी आली. ताट समोर होतं, पण हात भाकरीला लागत नव्हता.

"काय झालं गं? तोंड का उतरलंय?" भिमाबाईंनी विचारलं.

"माझा पास केलेला माल परत आला, आत्या. पहिला पीस एकदम बरोबर होता. मी खूण केली. पुढे भोक पाडणारा पंच तुटला आणि निम्म्या लोखंडी पट्ट्यांना भोकच पडलं नाही."

"मग तू नंतर बघितलं न्हाईस का?"

"बघायला पाहिजे होतं. पहिला, मधला आणि शेवटचा बघायचा असतो. माल न्यायला गाडी लागली होती, घाई होती. आमचे सुपरवायझर ज्ञानदेव सर सगळ्यांसमोर म्हणाले, पहिला पीस मशीन बरोबर लावलंय एवढंच सांगतो. माल चांगला आहे हे तो सांगत नाही."

हे बोलता बोलता ती थांबली. तिची नजर ओट्यावर गेली. उठली, पातेलं बाजूला केलं आणि मला ओढून काढलं. पानं उलटू लागली. प्रत्येक संचात पहिल्या गणिताशेजारी हिरवी खूण होती आणि त्याखालची सगळी गणितं कोरी. तिनं कपाळावर हात मारला.

"आगं, आमटी सांडंल ना," भिमाबाई म्हणाल्या. "त्या पुस्तकात आता काय बघायलीस? तूच म्हणलीस ना झालं म्हणून?"

"झालं नव्हतं, आत्या. सुरूच केलं नव्हतं मी."

त्या दिवसापासून माझं खरं आयुष्य सुरू झालं, मित्रांनो. मैत्रीनं आधी हिरव्या खुणांवर काट मारली. मग संचातलं एकेक गणित घ्यायची. अडलं की दुसऱ्या दिवशी बसमध्ये मला मांडीवर घेऊन पुन्हा तिथंच भिडायची. चुकली तर उत्तर उतरवून घ्यायची नाही. कुठे चुकलं ते सापडेपर्यंत उठायची नाही. माझ्या समासांत आकडे भरले, कोपरे दुमडले, शिवण उसवली. एका पानावर ठेच्याचा डाग पडला. भिमाबाई कुरकुरायच्या, "त्या पुस्तकाला पातेल्याखाली जरा आराम होता गं." पण मैत्री बसली की त्या टीव्हीचा आवाज आपणहून कमी करायच्या. आणि मी? मी इतका मळलेला कधी नव्हतो आणि इतका खूशही कधी नव्हतो.

दुसऱ्या पेपराच्या दिवशी पिशव्या वर्गाबाहेर ठेवायच्या होत्या. मी भिंतीला टेकून पडलो. आत काय चाललंय ते मला कळत नव्हतं. ही शेवटची संधी आहे, एवढंच माहीत होतं.

पेपर संपला. मैत्री बाहेर आली, जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिनं माझं अगदी शेवटचं कोरं पान उघडलं. पेन्सिलनं पेपरात आलेलं एक गणित लिहिलं: नवा x म्हणजे 2x + ky, नवा y म्हणजे 3x + 6y, k किती असेल तर मागे येता येणार नाही? हे गणित माझ्यात नव्हतं. त्याचं उत्तरही माझ्याजवळ नव्हतं. एवढी साथ दिली आणि ऐन वेळी माझे हात रिकामे.

तिनं k म्हणजे चार असं काढलं. नेहमीच्या सवयीनं तिचा अंगठा मागच्या उत्तरांकडे गेला आणि तिथेच थांबला. तिनं पान उलटलं नाही. x ला दोन दिले, y ला उणे एक दिला आणि मांडून पाहिलं. दोन्हीकडे शून्य आलं. मग दोघांनाही शून्य दिलं. पुन्हा शून्यच. दोन वेगळ्या जागांहून निघालेले बिंदू एकाच जागी येऊन बसले होते. आता मागे फिरायचं तर कुठल्या जागी? उत्तर बरोबर होतं, आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं हिरवं पेन काढलं आणि त्या गणिताशेजारी खूण केली. माझ्या अंगावरची ती एकच हिरवी खूण आता शिल्लक आहे. निकालाच्या दिवशी मैत्री पास झाल्याचं कळलं तेव्हा भिमाबाईंनी खानावळीत सगळ्यांना शिरा वाढला. मला मात्र ते जिन्यावरच कळलं होतं.

मित्रांनो, पुस्तकं जपा, स्वच्छ ठेवा, असं तुम्हांला सगळेच सांगतात. मी तेवढं सांगणार नाही. काचेच्या कपाटात मी फार स्वच्छ होतो. मैत्रीनं परवा माझी शिवण पक्की करून घेतली आणि थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या श्रद्धा नावाच्या मुलीला मला दिलं. श्रद्धानं पहिलं गणित सोडवलं, उत्तर जुळलं आणि ती मला मिटणार होती. मैत्रीनं तिचा हात धरला आणि म्हणाली, "आता दुसरं."