आधी मांडलेली बाजू

न्यायमूर्तींच्या दालनात बोलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला होता आणि ऐकण्याचाही एकाच. बोलत ते स्वतः. ऐकत असे त्यांची लघुलेखिका. पाठीमागे हात बांधून ते खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालीत, आणि त्यांच्या तोंडून वाक्य बाहेर पडते न पडते तोच ते तिच्या पेन्सिलीखाली रेघांच्या रूपाने उतरलेले असे. तिचे केस त्याच खोलीत पिकले होते. इतक्या वर्षांत निकालाआधी तिच्या चेहऱ्यावरून कोणाला काही वाचता आले नव्हते. घरी आई म्हणे, "हिच्या पोटात विहीर आहे. दगड टाका, आवाजसुद्धा येत नाही."

न्यायमूर्तींची एक रीत होती. जी बाजू त्यांना अमान्य करायची असे, ती ते आधी मांडीत. आणि अशा निष्ठेने मांडीत की ती मांडणाऱ्या वकिलालाही आपण इतके शहाणे असल्याचा पत्ता नसे. जुन्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडतात तसा तो प्रकार होता. प्रतिपक्षाला आधी उच्चासनावर बसवावे, त्याचा यथासांग सत्कार करावा आणि मगच त्याचे खंडन आरंभावे. वकिलांत यावरून थट्टा चाले: "साहेबांनी तुमची बाजू तुमच्यापेक्षा चांगली मांडली की समजा, गेलात."

त्या गुरुवारी जो निकाल सांगायला त्यांनी सुरुवात केली, त्याकडे सारा देश डोळे लावून होता. पुरुषाने पुरुषाशी आणि स्त्रीने स्त्रीशी केलेला विवाह कायद्याने विवाह मानावा, असे खालच्या न्यायालयाने ठरवले होते. सरकार त्याविरुद्ध वर आले होते. निवडणूक तोंडावर असल्यामुळे भिंतीभिंतीवर त्याच विषयाची भित्तिपत्रके लागली होती, आणि न्यायालयाच्या पायऱ्यांसमोर दोन जमाव दोरखंडाच्या दोन बाजूंना दिवसभर घसे कोरडे करीत होते. न्यायमूर्तींच्या न्यायालयाने तोवर एवढीच सवलत दिली होती, की निकाल लागेपर्यंत जे विवाह नोंदवले जातील ते, निकाल काहीही लागो, कायम राहतील. निकाल सोमवारी होता. नोंदणी कार्यालय शनिवार-रविवार बंद. म्हणजे उरला तो शुक्रवार.

लघुलेखिकेच्या धाकट्या भावाला याच सवलतीतून आत जायचे होते. त्याचा जोडीदार चष्म्याच्या दुकानाचा मालक. घरात त्याला सगळे चष्मेवाला म्हणत. नोटिशीची मुदत सरली होती, आता साक्षीदार घेऊन जाणे तेवढे बाकी होते. पण धाकट्याने हट्ट धरला होता की आई साक्षीला उभी राहील तेव्हाच, नाहीतर नाही. आणि आई म्हणत होती, "कोर्टाचं काय ते ठरू दे, मग बघू."

आईचा हा 'बघू' सुद्धा सहजासहजी हाती लागलेला नव्हता. गेल्या वर्षी ती शेजारणींबरोबर या विवाहांविरुद्धच्या मोर्चात गेली होती आणि घसा बसवून परतली होती. पुढे तिला अक्षरे दुहेरी दिसू लागली. चष्मेवाल्याने घरी येऊन, तिच्या टोमण्यांकडे काणाडोळा करीत, तिचे डोळे तपासले. "मावशी, मी समोर एकटाच बसलोय. दोन दिसत असतील तर त्रास दुप्पट होत असणार," असे तो म्हणाला आणि आईला इच्छा नसताना हसू आले. यंदा मोर्चाचे बोलावणे आले तेव्हा तिने गुडघ्याचे कारण सांगितले. तिचे मन तिथवर आले होते आणि तिथेच अडून बसले होते.

तर त्या गुरुवारी न्यायमूर्ती खिडकीपाशी गेले, क्षणभर थांबले, आणि त्यांनी विवाह मागणाऱ्यांची बाजू मांडायला आरंभ केला.

म्हणजे हीच बाजू अमान्य होणार, हे लघुलेखिकेने ओळखले. हात मात्र चालत राहिला. दोन माणसे एकमेकांचे आजारपण, म्हातारपण आणि मरण आपल्या अंगावर घ्यायला तयार असतात, तेव्हा राज्याने दारात उभे राहून काय विचारावे आणि काय विचारू नये, हे ते सांगत होते. त्यांचा स्वर एरवीपेक्षा मंद होता. इतके गंभीर आणि निर्मळ विवेचन तिने त्या खोलीत कधी ऐकले नव्हते. दुसरा कोणी तिथे असता तर आनंदाने त्याचे डोळे भरून आले असते. पण तिला ही रीत ठाऊक होती. प्रत्येक सुंदर वाक्यासरशी तिला कळत होते, की उद्या याच वाक्याचे खंडन होणार. सायंकाळी न्यायमूर्ती थांबले. "उरलेलं उद्या सकाळी," ते म्हणाले आणि दिवा मालवून गेले.

घरी जाताना ती मनाशी दोन्ही बाजू मांडून पाहत होती. धाकट्याला सांगण्यात अर्थ नव्हता. आईवाचून तो हलणार नव्हता. न सांगावे तर भावाचे दार सोमवारी कायमचे बंद होणार. सांगावे तर जन्मभर सांभाळलेला विश्वास मोडणार. आणि ती घेतलेली शपथ होती, नुसती सवय नव्हे.

आई स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. लघुलेखिका तिच्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "आई, उद्या धाकट्याबरोबर नोंदणी कार्यालयात जा."

"उद्याच? सोमवारी कळणारच आहे की सगळं."

"सोमवारची वाट बघू नकोस."

आईची सुरी थांबली. तिने मान वर केली आणि मुलीचा चेहरा न्याहाळला. त्या विहिरीतून पहिल्यांदाच आवाज आला होता.

"असं होय," आई सावकाश म्हणाली. "म्हणजे मी नुसती हाताची घडी घालून बसले की झालं. मला नाही म्हणायचीसुद्धा गरज नाही. माझ्या वतीनं कोर्टच म्हणेल."

हे लघुलेखिकेच्या ध्यानातच आले नव्हते. भावाला वाचवायला म्हणून जे शस्त्र तिने बाहेर काढले होते, ते तिने आपल्या हाताने आईच्या हाती दिले होते. आईला आता वाईटपणा घ्यायला नको होता, भांडायला नको होते. चार दिवस उलटले की धाकट्यासमोर हळहळायलाही ती मोकळी होती.

"हो," मुलगी म्हणाली. "तेवढंच करायचं आहे तुला."

आईने सुरी पुन्हा चालवली.

शुक्रवारी सकाळी न्यायमूर्ती आले तेव्हा लघुलेखिका आपल्या जागी उभीच होती. ते बोलायला लागणार तोच तिने पेन्सिल मेजावर ठेवली आणि पुढचे आपल्याला टिपता येणार नाही, असे सांगितले. न्यायमूर्तींनी कारण विचारले. तिने धाकट्याची हकीकत सांगितली, आणि आपण घरी बोललो हेही सांगितले.

"निकाल सांगितलास?"

"नाही, साहेब. सोमवारची वाट बघू नका, एवढंच."

"तेवढ्यात सगळं आलं." ते खुर्चीत बसले. त्या दालनात त्यांना बसलेले तिने क्वचितच पाहिले होते. "आणि निकाल काय आहे असं तुला वाटलं?"

"आपण ती बाजू आधी मांडलीत."

न्यायमूर्ती तिच्याकडे पाहत राहिले. काहीतरी त्यांच्या ओठांपर्यंत आले, आणि त्यांनी ते तिथेच आवरले. मग अत्यंत शांतपणे त्यांनी सांगितले, की तिने टिपणे ठेवून जावे. आज दुसरी व्यक्ती बसेल. मंगळवारी चौकशीसाठी तिला बोलावले जाईल. ती नमस्कार करून निघाली. दाराशी पोचली तेव्हा मागून त्यांनी विचारले, "गेली का आई?"

"ठाऊक नाही, साहेब."

ती न्यायालयातून थेट नोंदणी कार्यालयात गेली. आईने आपल्याआधी घर सोडले होते एवढेच तिला माहीत होते. कुठे गेली ते विचारायचा धीर झाला नव्हता. कार्यालयाच्या ओसरीत जोडप्यांची रीघ लागली होती. कोणाच्या हातात फुले होती, कोणी दाराकडे घाबरून पाहत होते. बाहेर कोणीतरी ध्वनिक्षेपकावरून शाप दिल्यासारखे भाषण करीत होते. तिने एकेक बाक पाहिला. शेवटच्या बाकावर धाकटा आणि चष्मेवाला बसले होते. मधे आई होती. तोंडावर राग, मांडीवर हातपिशवी.

"आलीस का," आई म्हणाली. "साक्षीदार कमी पडत होता. तुझ्या भावाला वेळेवर कधी काही जमलंय?"

धाकट्याने सरकून तिला बाकावर जागा करून दिली. चष्मेवाला हळूच म्हणाला, "ताई, मावशी सकाळी सकाळी दुकानात आल्या. मला वाटलं काच बदलायची असेल."

सोमवारी चौघे रेडिओपुढे बसले. न्यायमूर्तींचा निकाल निवेदक वाचत होता, आणि लघुलेखिका त्यातला शब्दन्शब्द ओळखत होती. गुरुवारचा मजकूर संपला. तिने डोळे मिटून घेतले आणि खंडनाची वाट पाहू लागली. निवेदकाने वाचले:

"मला अमान्य असलेली बाजू आधी, आणि तिच्या संपूर्ण सामर्थ्यानिशी मांडावी, हा माझा आजवरचा परिपाठ आहे. सरकारची बाजू तशी मांडण्याचा मी या वेळी पुष्कळ प्रयत्न केला. तिला ते सामर्थ्य मला देता आले नाही. म्हणून क्रम बदलला आहे. सरकारचे अपील फेटाळण्यात येत आहे."

धाकट्याने चष्मेवाल्याचा हात घट्ट धरला. बाहेर कोठेतरी आरोळी उठली. आनंदाची की संतापाची ते कळेना. सत्तेवर परत आलो तर कायदाच बदलू, असे कोणी पुढारी लगोलग सांगू लागला. आईने रेडिओ बंद केला आणि ती मुलीकडे वळली.

"तू चुकलीस."

"हो."

"म्हणजे फुकट नोकरी घालवून बसलीस."

"बरोबर निघाले असते तरी गेलीच असती, आई. सांगितलं ते सांगितलंच."

आई काही वेळ चष्मा पुसत राहिली. मग चष्मेवाल्याकडे न पाहता, पण त्याला ऐकू जाईल असे म्हणाली, "दार उघडंच राहणार आहे हे कळलं असतं तर शुक्रवारी मी आले नसते. अजून वर्षभर बघू-बघू करत बसले असते. हे खरं आहे, ते ऐकून ठेव."

"ऐकलं, मावशी," तो म्हणाला. या वेळी त्याला थट्टा सुचली नाही.

मंगळवारी लघुलेखिका चौकशीला निघाली तेव्हा आई दारात आडवी आली. तिथे काय सांगणार, असे तिने विचारले. जे घडले ते, असे उत्तर मिळाले.

"माझं नाव घे. आईनं खोदून खोदून विचारलं म्हणून तोंडून गेलं, असं सांग. म्हातारीला कोण काय करणार आहे?"

"तू काही विचारलं नव्हतंस, आई."

आईने दारावरचा हात काढला. ती बाजूला झाली. मुलगी जिना अर्धा उतरली असेल नसेल, तोच वरून तिला हाक ऐकू आली.

"थांब. आत नाही येत मी. बाहेर बाकावर बसते," आई म्हणाली, आणि कठड्याला धरून, एकेक पायरी जपत, उतरू लागली.